बिनउंबरठ्याचा कारखाना

"उंबरठा नको," थोरला म्हणाला. "खुर्चीचं चाक अडेल."

गवंड्याने कपाळाला हात लावला. घरामागच्या मोकळ्या जागेत चुन्याच्या फक्कीने आखलेला कारखाना त्याने सकाळपासून दोनदा पुसला होता. दार चार फुटी झालं, दिव्याची बटणं कमरेखाली आली, आणि लोखंड कातायच्या लेथचा ओटा तर एवढा बुटका, की उभ्याने काम करणाऱ्याची पाठच मोडावी.

त्याच जागेतली यंत्रं ठेवायची शेड मात्र चांगली अठरा फूट उंच. तिच्या तळाचं काँक्रीट वाळून खडखडीत झालं होतं; वरचे पत्रे बसवायचे तेवढे राहिले होते.

"धाकट्या भावासाठी एवढं कोण करतं हो आजकाल?" गवंडी परगावचा, आजच कामावर आलेला.

"आईबापामागे मीच वाढवलाय त्याला." थोरल्याने फक्कीची रेघ पायाने सारखी केली. त्यात खोटं काही नव्हतं. स्वतःच्या तोंडचा घास काढून त्याने भावाला भरवलं होतं, लेथही त्यानेच शिकवली होती. आता स्वतःची नजर अधू झाली आणि सगळा धंदा धाकट्याच्या हातांवर आला. ते हात नसते तर घरातली चूल पेटली नसती.

"पायांचं अचानक झालं का हो?"

"असं काय सांगून येतं का?"

"तेही खरंच. पण जमेल त्याला?"

"लेथला पाय कशाला लागतात? हात शाबूत असले की झालं. शिवाय रोज माझ्या डोळ्यांसमोर राहील."

"भाऊ असावा तर असा," म्हणत गवंड्याने डोळे पुसले आणि तो सिमेंट आणायला गेला.

तो वळणाआड जातो न जातो, तोच धाकटा कुंपणावरून उडी मारून आत आला.

"दादा, परवाच्या गाडीचं तिकीट मिळालं! सोमवारी नव्या नोकरीवर हजर. एकदा बस्तान बसू दे, मग तिथल्या मोठ्या दवाखान्यात तुझे डोळे दाखवू." त्याने शिडी उचलून शेडला लावली. "जायच्या आधी एवढे पत्रे बसवून देतो. मागे तुला एकट्याला कुठे जमणार?"

एकेक पायरी गाळत तो भराभर वर निघाला.

"घट्ट धर हं, दादा!"

"धरलीय रे. तू चढ," थोरला म्हणाला, आणि दोन्ही हात खिशात घालून चार पावलं मागे सरला.