पदराचं टोक

तुर्भ्याच्या एका गोदामाला आग लागली आणि गोण्या वाचवायला आत शिरलेला हौसाबाईचा माथाडी नवरा भाजून निघाला. इस्पितळात तिला लाज वाटली ती त्याच्या काळ्या तोंडाची. “अवो, डाक्टर काय म्हणत्याल?” पुटपुटत तिने पदराचं टोक भिजवलं आणि ओठांवरची, नाकपुड्यांतली काजळी हलक्या हाताने पुसून काढली. डॉक्टरांनी बॅटरी मारून नाकतोंड तपासलं. “काजळी नाही, म्हणजे धूर फुफ्फुसात गेलेला दिसत नाही. सलाईन जोरात सोडा.” हौसाबाईचा जीव भांड्यात पडला. चार बाटल्या गेल्या तसा चेहरा सुजून टम्म झाला. त्याने पाणी मागितलं आणि नर्स थबकली. “मावशी, यांचा आवाज मूळचाच घोगरा आहे? धुराने घसा आतून भाजून सुजला असेल, तर श्वास बंद होईल.” अख्ख्या मार्केटात त्याची हाळी घुमायची. हौसाबाईने काळंकुट्ट टोक पुढे केलं. “काजळी व्हती. म्याच पुसली.”