आठ रंग की सोळा

मैत्री आणि चेतनच्या लग्नाची बोलणी जातीवर अडली नाहीत, पत्रिकेवरही नाहीत. पण दोघांच्याही वडिलांनी पंच्याऐंशी साली टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर घेतला होता, आणि तोही वेगवेगळ्या कंपनीचा, हे चहा पिताना निघालं.

"आमच्या कमोडोरवर सोळा रंग दिसायचे," मैत्रीचे बाबा म्हणाले.

"आमच्या स्पेक्ट्रमवर आठच, पण निम्म्या किमतीत. आणि लाल म्हणजे लाल!" चेतनचे बाबा म्हणाले.

आवाज चढले. लग्न मोडायची वेळ आली, तशी मैत्रीची आई म्हणाली, "अहो, पण तेव्हा आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता ना?"

"आमचाही," चेतनची आई म्हणाली.

दोघांनी उरलेला चहा संपवला.



"तरीही," चेतनचे बाबा चपला घालत म्हणाले, "आमचा लाल जास्त लाल दिसायचा."