खिडकीजवळची खुर्ची

"इथं ओळीपुढं बारीक सही, खाली पूर्ण. वाचून कर," डेल हुडाक म्हणाला.

"तुझं वाङ्मय वाचायला मला सवड नाही." लोर्नानं उभ्या उभ्याच पेन उचललं. "काय लिहिलंयस ते सांग."

"माझं सलून सोडलंस, तर दोन वर्षं दहा मैलांच्या आत कुणाचे केस कापायचे नाहीत."

"आणि याबद्दल मला काय?"

"नोकरी आहेच की तुझी."

लोर्ना मनात हसली. मिसेस एब्रम्स दर शुक्रवारी केस रंगवायला यायच्या. एकेकाळच्या वकील. डोक्याला रंग लावून बसल्या बसल्या त्यांनी तिला केव्हाच सांगितलं होतं, की पेनसिल्व्हेनियात जुन्या नोकराकडून असा कागद लिहून घ्यायचा, तर नुसती नोकरी चालू ठेवणं पुरत नाही. बदल्यात काहीतरी नवं द्यावं लागतं. नाहीतर कागदाची किंमत शून्य.

आणि डेल काय देणार! नाताळात सगळ्यांना मिळून केकचा एक डबा देणारा माणूस. गिऱ्हाइकाच्या कॉफीसोबतची उरलेली साखरसुद्धा परत बरणीत टाकायचा.

"कॉफी घेतेस?" त्यानं विचारलं.

"नको बाबा. तुझं काही नको मला."

बारीक सहीला तिनं मुद्दाम माकडाच्या शेपटीसारखं लांब वेटोळं काढलं. डेलनं कागद जपून फाइलीत ठेवला. बावळट कुठला!

मग कधी नव्हे ते तो स्वतः उठला. म्हातारी व्हेरा निवृत्त झाल्यापासून दोन आठवडे झाकून ठेवलेल्या खिडकीजवळच्या खुर्चीवरची चादर त्यानं काढली, आणि लोर्नाची कात्र्या-कंगव्यांची गाडी ढकलत तिथं नेऊन लावली.

"आता तू इथं काम कर."

"दोन आठवडे लागले होय रे तुला?" लोर्ना म्हणाली. जी सगळ्यांत जुनी, तिची खिडकी आणि बाहेरून येणारं नवं गिऱ्हाईक, हा तिथला रिवाज. एकोणीस वर्षं झाली होती तिला. उपकार कसले त्यात!

शरद ऋतूत तिनं नोकरी सोडली. आईच्या घरातल्या पुढच्या खोलीत, डेलपासून चार गल्ल्यांवर, स्वतःचं दुकान थाटलं. आईनं जेवणाचं टेबल काढून आरशाला जागा करून दिली. पहिल्याच शुक्रवारी मिसेस एब्रम्स हजर.

तिसऱ्या आठवड्यात कोर्टाची नोटीस आली. डेलला तिचं दुकान बंद करून हवं होतं.

"गाढव आहे हो नुसता!" लोर्ना मिसेस एब्रम्सच्या केसांना रंग लावत म्हणाली. "सही केली त्या दिवशी कपभर कॉफीसुद्धा घेतली नाही मी त्याची. बसू दे बोंबलत कोर्टात."

"कराराची नक्कल जोडलीय का?"

"मागं असेल. वाचतंय कोण!"

मिसेस एब्रम्सनी चष्मा चढवला. पान उलटलं, पुन्हा मागं घेतलं.

"लोर्ना, ही शेपटीवाली सही तुझीच ना गं?"

"माझीच! त्या माकडासाठी खास."

"ती ज्या ओळीपुढं आहे, ती वाचते हं," त्या सावकाश म्हणाल्या. "'या कराराच्या बदल्यात लोर्ना पेट्रिक यांना आजपासून खिडकीजवळची खुर्ची देण्यात येत आहे.'"