टाळ्यांची जागा

स्वयंपाक करता करता फोनवर बोट सरकवून बाहेरच्या टीव्हीवरचं गाणं पुढेमागे करायचं, हा माझा रोजचा उद्योग. गाण्यात अस्वल टाळ्या वाजवतं ती जागा आली, की आमची वर्षाची ठकूही बरोब्बर टाळ्या वाजवते.

"ताल उपजतच आहे पोरीला. माझ्यावर गेलीये," सासूबाई येईल त्याला सांगतात.

"आई, तू गायला लागलीस की शेजारी खिडक्या लावून घेतात," नवरा चिडवतो.

आज त्याला ऑफिसचा फोन आला, म्हणून टीव्हीचा आवाज पार बंद करून तो बोलत गॅलरीत गेला. मला ते ठाऊक नव्हतं. नेहमीसारखं गाणं टाळ्यांच्या जागी नेऊन मी हात पुसत बाहेर आले, तर खोलीत चिडीचूप. पडद्यावर अस्वल मुक्यानेच टाळ्या वाजवत होतं, आणि त्याच्या जोडीने ठकूही. बरोब्बर.

"बघ, आता हिला गाणंसुद्धा लागत नाही," सासूबाई कौतुकाने हसल्या.

मी ठकूचं दुपटं टीव्हीच्या पडद्यावर टाकलं आणि आवाज होता तेवढा चढवला.

सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "अगं हळू, दचकेल ना पोर."



मी फोनवरून गाणं पुन्हा टाळ्यांच्या जागी आणलं, आणि ठकूचे हात मांडीवरच राहिले.