रस्त्यातली पणती

गुप्ते ओव्हरसियरांनी बुटाची टाच आपटली आणि महिन्याभरापूर्वीच्या रस्त्याचा भुगा उडाला.

नरडाण्याजवळच्या नाल्याकाठची ही मऊ जमीन. लढाईचे दिवस, सिमेंट परवान्यावर मिळायचं. तिथल्याच मातीत ते कालवायचं, पाणी मारून चोपायचं, असा हुकूम होता. दोन्ही बाजूंचा रस्ता दगडासारखा झाला होता. मधली पन्नास पावलं तेवढी धरत नव्हती. गुप्त्यांना कारण ठाऊक होतं. लोटन मुकादम सिमेंट विकत होता. मुकादम म्हणजे चोर, आणि जो चोर नाही तो अजून सापडलेला नाही, असं त्यांचं साधं गणित होतं. या पन्नास पावलांवर काम आलं तेव्हा लोटन म्हणाला होता, "आठली माती नको, साहेब. टेकडीवरथून मुरूम आनूत."

"म्हणजे जास्त फेऱ्या, जास्त मजुरी," म्हणत गुप्त्यांनी त्याला तिथंच गप्प केलं होतं.

आज तर पुरावाच मिळाला. ठिसूळ रस्त्याच्या मधोमध एक पणती होती, वात जळालेली. गुप्त्यांनी ती उचलून लोटनच्या नाकासमोर धरली. "दिव्याच्या उजेडात पोती हलवता होय?"

लोटनचा चेहरा उतरला. अहवाल लिहून तयार होता, तो घेऊन शिपाई धुळ्याला निघणार होता. लढाईच्या मालाची चोरी म्हणजे सरळ तुरुंग. घरी खाणारी पाच तोंडं होती.

डोक्यावरची पाटी उतरवून म्हातारी तानुबाई पुढं आली. तिला रागच आला होता.

"ती पनती मी लायेल शे, साहेब. आठे बठ्ठा गावना उकिरडा व्हता. पलेगमा गाव उठी गयं. पन दिवाळीना दिवा आम्ही उकिरडाले आजबी आठेच लावतस."

गुप्ते खाली बसले. मूठभर माती त्यांनी नाकाशी नेली. काळी, हलकी, कुजट. शेणाची, पाचोळ्याची, कैक वर्षांची. कुजक्या मातीत सिमेंट धरत नाही, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

त्यांनी शिपायाकडून अहवाल परत मागून घेतला. लाज वाटली, म्हणून आवाज चढला.

"उकिरडा होता हे तू तेव्हाच का सांगितलं नाहीस?"

लोटन पायाशी बघत म्हणाला, "सांगतच व्हतू, साहेब. तुम्ही बोलूच दिधं नही."