सभागृहातली ऊब

नगरपालिकेच्या इमारतीत वीज कुठे वाया जाते, हे शोधायला आलेली इंजिनिअर सकाळपासून हरखून गेली होती. तिच्या नव्या कॅमेऱ्यात गार वस्तू निळी दिसे, उबदार वस्तू लाल.

"काका, आता सभागृह उघडा," ती शिपायाला म्हणाली.

"ते वर्षभर बंद आहे, ताई. आत काळं कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

आत चांगलाच गारठा होता. तिने कॅमेरा उचलला, तर पहिल्या रांगेतल्या सगळ्या खुर्च्या लालभडक!

"खालून गरम पाण्याचा पाइप जातोय बहुतेक! केवढी ऊर्जा फुकट चालली आहे, बघा तरी!"

"खाली नुसती माती आहे, ताई."

तिने धावत जाऊन एका खुर्चीवर तळवा टेकवला. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी ती उबदार होती. तिला आनंद आवरेना. असला शोध आजवर कुणाला लागला होता?

तिने पुन्हा कॅमेऱ्यात पाहिलं. सगळ्या खुर्च्या एकाच वेळी निळ्या पडत चालल्या होत्या.

"काका, लवकर या, बघा!"

काका दारातच थिजले होते. आणि कॅमेऱ्यात, समोरच्या थंडगार निळ्या फरशीवर, एकेक करत, लाल अनवाणी पावलं तिच्याकडे उमटत येत होती.