शेवटच्या प्रकरणावरची पट्टी

“बाबा, केवढं जाडजूड पुस्तक दिलंत हो त्याला!” थोरले जावई म्हणाले. “चावेल ना?”

“न चावायला काय झालं? कवळ्या बनवतो तो,” मधले जावई म्हणाले, आणि बैठकीत हशा पिकला.

ज्याच्यावर हा विनोद झाला तो तरुण दाराजवळच्या खुर्चीत, पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. दंतवैद्यांसाठी दात आणि कवळ्या घडवणं हा त्याचा व्यवसाय. या घरातल्या धाकट्या मुलीशी त्याला लग्न करायचं होतं, आणि ही गोष्ट तिथल्या सगळ्यांना ठाऊक होती.

दर रविवारी या घरी वाचणाऱ्यांची बैठक भरे. सध्या आपण काय वाचतो आहोत ते प्रत्येकानं सांगायचं. आवडलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हाती द्यायचं. नियम एकच, शेवट फोडायचा नाही. देणारा शेवटच्या प्रकरणाभोवती कागदाची पट्टी चिकटवी. घेणाऱ्यानं तिथवर वाचत यायचं आणि मगच ती फाडायची. नियम अर्थातच बाबांचा. त्यांचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं होतं, आणि चूक अजूनही त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

हे पुस्तक मात्र ते बैठकीत फिरवत नसत. ते फक्त होऊ घातलेल्या जावयाला मिळे.

“वाचून आलास की शेवट कसा वाटला, एवढंच विचारतील,” जिना उतरताना धाकटी त्याला म्हणाली. “त्यावर सगळं ठरतं.”

“आणि त्यांना स्वतःला कसा वाटला?”

“ते कधी बोललेच नाहीत. थोरले भावोजी शेवटाची स्तुती करत सुटले होते, आणि बाबांचा चेहरा उतरत चालला होता. मधल्यांच्या वेळीही तेच. दोन्ही तायांनी हट्ट धरला म्हणून लग्नं झाली. आता म्हणतात, तिसऱ्यांदा हट्टापुढे झुकणार नाही.”

“तू धरशील हट्ट?”

“नाही. मला त्यांच्या मनातला होकार हवा.”

“मिळेल,” तो म्हणाला. चारचौघांत त्याचा शब्द घशात अडके. पण हाती घेतलेलं काम आपल्याला जमेल, याविषयी त्याला कधी शंका नसे.

कथा एका पूल बांधणाऱ्याची होती. आईशी भांडून तो तरुणपणीच नदीपार निघून गेला होता. गावोगावचे पूल बांधता बांधता केस पिकले, आणि एके दिवशी काम निघालं ते नेमकं त्याच्याच गावाच्या नदीवर. पूल पुरा होतो, आणि तिथे पट्टी लागते.

त्यानं ती एका संध्याकाळी, कामाच्या मेजापाशी फाडली. बराच वेळ तो त्या पानांकडे पाहत राहिला. मग पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

“झालं ना वाचून? मग पुन्हा काय?” ती कार्यशाळेत आली तेव्हा तिनं विचारलं.

समोर एका वृद्धेच्या जबड्याचा साचा होता. मधल्या दाताची जागा रिकामी होती.

“हिचा गेलेला दात मी पाहिलेला नाही,” साचा तिच्यापुढे धरत तो म्हणाला. “तरी तो कसा होता ते शेजारचे दात सांगतात. त्यांचं ऐकून घेण्याइतका धीर मात्र हवा.”

“मी पुस्तकाचं विचारतेय, आणि तू दातांचं सांगतोयस!”

तो हसला आणि पुन्हा पानात बुडाला.

रविवारी बाबांनी विचारलं, “शेवट कसा वाटला?”

“तो सांगण्यासारखा नाही, काका. वाचून दाखवू?”

“अहो, पण नियम…” मधले जावई कुरकुरले.

बाबांनी चष्मा काढून हातात घेतला. “वाचू दे त्याला.”

त्यानं पुस्तक उघडलं. आवाज पहिल्या वाक्याला थोडा कापला, मग स्थिर झाला. पूल खुला होतो, सगळं गाव त्यावर लोटतं. बांधणारा मात्र अलीकडच्या काठावरच बसून राहतो. स्वतः बांधलेल्या पुलावर पाऊल टाकण्याचं बळ त्याच्यात उरलेलं नसतं. गर्दी ओसरते. मग पलीकडून एक म्हातारी निघते. प्रत्येक फळी आधी पायानं चाचपते आणि मगच भार टाकते. कधीकाळी त्याला अंघोळ घालण्याआधी पाण्यात स्वतःचा हात बुडवून पाहायची, तशी.

तो सावकाश पानं उलटत होता. तिच्या आईनं पदर डोळ्यांना लावला.

“हाच! अगदी हाच शेवट!” थोरले जावई उसासले. “तेव्हाही माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.”

“मला तर अक्षरन् अक्षर आठवतंय,” मधले म्हणाले.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. “ती मध्यावर थांबते?” त्यांनी हळूच विचारलं.

“थांबते, काका. त्याला उठून यायला वेळ देते. ‘पूल तुझा आहे,’ ती म्हणते, ‘अर्धा तू चालायचास.’”

बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

“फार वर्षं वाट पाहायला लावलीत हो,” ते त्याला म्हणाले. मग लेकीकडे वळले. “कधी करायचं म्हणतेस लग्न?”

हसण्याबोलण्याचा एकच गलका झाला. थोरल्या जावयांनी ‘कवळीवाल्या’ला मिठी मारली. सगळे चहासाठी आत गेले.

ते शेवटचं वाक्य एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं म्हणून ती मागे थांबली. खुर्चीवरचं पुस्तक तिनं उचललं आणि फाटक्या पट्टीपाशी उघडलं. एक पान उलटलं, मग दुसरं, मग मलपृष्ठापर्यंतची सगळी. एकाही पानावर एक अक्षरदेखील छापलेलं नव्हतं.